घरी बांधलेली विमाने : हेतू आणि हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत विमानांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतन किंवा जिनिंग कामगारांचा इतिहास अशी काहीशी असावी. पण विमानाचा इतिहासही कामगाराचाच इतिहास आहे, असे माझे मत आहे. राइट बंधूंचे सायकलींचे दुकान होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे जे यंत्र हवेत उठले, त्याचे इंजिन दुकानातल्याच चार्ली टेलर नावाच्या यंत्रकारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडविले होते. मोटारीच्या कारखानदारांनी राइटांना हवे तसे इंजिन देण्यास नकार दिला होता, म्हणून ते दुकानात करावे लागले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत दोन भावांची नावे आहेत, टेलरचे नाही. यात मला नवे काही वाटत नाही. आमच्या धंद्यात हे रोजचेच आहे.

आज मी बोलणार आहे ते मोठ्या कारखान्यांतून निघणाऱ्या विमानांविषयी नव्हे. आपल्या गोठ्यात, गच्चीवर किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीत सामान्य माणसांनी आपल्या हातांनी बांधलेल्या विमानांविषयी मी बोलणार आहे, आणि त्यातही एका गोष्टीविषयी विशेष : एकाच नकाशावरून बांधणारे दोघे आपले विमान सारखे का बांधीत नाहीत, आणि तो फरक कुणाला पचतो, कुणाला पचत नाही.

ही गोष्ट समजण्यास आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडचा सुतार जुन्या काळी कापूस वाहण्याची बंडी एक प्रकारे बांधी, माणसे बसवून लग्नाला न्यावयाची दमणी दुसऱ्या प्रकारे आणि शंकरपटात पळवावयाचा छकडा तिसऱ्याच प्रकारे. लाकूड तेच, चाक तेच, आस तोच. पण पटाच्या छकड्यावर कुणी कापसाची बोंदरी लादली तर तो पहिल्या ओढ्यातच मोडेल, आणि बंडी पटात नेली तर लोक हसतील. गाडी कशासाठी, हे सुतार आधी विचारी आणि मगच वाकस उचली. विमानाचे नेमके तसेच आहे. फरक इतकाच, की बंडी मोडली तर गडी खाली उतरून उभा राहतो.

आता थोडा हिशेब सांगतो. कंटाळू नये, पुढची सगळी कथा यावरच उभी आहे. विमान किमान किती वेगाने हवेत टिकून राहील, हे मुख्यतः त्याचे वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ यांवर ठरते. त्या वेगाच्या खाली गेले की पंख हवेला धरीत नाहीत. वजन एकवीस टक्क्यांनी वाढले तर हा किमान वेग दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे उतरताना यंत्र तितके जोरात जमिनीला भिडते आणि धावपट्टी अधिक लागते. उलट, पंख मोठा केला तर विमान सावकाश उतरते, पण तोच मोठा पंख वेगात हवेचा अडथळा होतो. वेगाचा हिशेब तर फारच महाग आहे. चांगल्या वेगाने चालणाऱ्या विमानाचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती दुपटीने नव्हे, सुमारे आठपटीने वाढवावी लागते. म्हणून शहाणा बांधणारा आधी इंजिन वाढवीत नाही. तो आधी हवेत आडवे येणारे सारे काढून टाकतो. आणि या सगळ्यांवर एक गोष्ट आहे, ती म्हणजे तोल. विमानाचा भार ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदू ठरलेल्या चार-सहा इंचांच्या पट्ट्यातच राहिला पाहिजे. तो पुढे सरकला तर नाक उचलत नाही. मागे सरकला तर विमान हाताला ऐकत नाही, आणि हा दुसरा दोष जीवघेणा आहे.

या विद्येचा पहिला मोठा दाता म्हणजे पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा आल्बेर्तो सान्तोस-द्युमाँ. १९०७ ते १९०९ या काळात त्याने बांबू, रेशीम आणि तारा यांचे ‘द्म्वाझेल’ हे चिमुकले विमान सिद्ध केले आणि त्याचे नकाशे कुणालाही फुकट वापरू दिले. पेटंट घेतले नाही. राइट बंधू त्याच सुमारास आपल्या पेटंटासाठी कोर्टकचेऱ्या करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या माणसाचे मोठेपण कळते. पण द्म्वाझेल हे त्याच्या स्वतःच्या अंगलटीला बेतलेले होते, आणि सान्तोस-द्युमाँ अंगाने लहानखुरा होता. भरदार देहाच्या माणसाने तेच विमान घेतले की सगळा हिशेब बिघडे. शिंप्याने एकाच्या मापाचा अंगरखा फुकट दिला म्हणून तो सर्वांना होत नाही.

दुसरा माणूस मला अधिक जवळचा वाटतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे एक खेडे आहे. तेथे बर्नार्ड पिटेनपोल हा स्वतः शिकलेला कारागीर राहत असे. विमानाचे खास इंजिन विकत घेण्याची ऐपत त्याच्या गिऱ्हाइकांची नव्हती, त्याची स्वतःचीही नव्हती. पण फोर्ड मोटारीची ‘मॉडेल ए’ इंजिने भंगारातही मिळत. ते सुमारे चाळीस अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे, जड इंजिन त्याने लाकडाच्या दोन माणसी विमानाला बसविले, आणि १९२९ साली त्याचे ‘एअर कँपर’ उडाले. एका यंत्रविषयक मासिकाच्या संपादकाचे म्हणणे होते की मोटारीच्या इंजिनावर विमान उडणे शक्य नाही. पिटेनपोल आणि त्याचा साथी अशी दोन विमाने घेऊन थेट त्याच्या शहरात उडत गेले. मग त्याच संपादकाने त्याचे नकाशे छापले. वादविवाद मिटविण्याची ही रीत मला फार आवडते.

त्या नकाशांवरून आजही विमाने बांधली जातात, आणि आपल्या विषयाचा सर्वांत स्वच्छ धडा येथे आहे. फोर्डचे इंजिन जड, म्हणून त्याच्या बेताने नाक आखूड ठेवलेले. पुढे लोकांना विमानाची हलकी, हवेने थंड होणारी ६५ अश्वशक्तीची काँटिनेंटल इंजिने मिळू लागली. ज्याला चढण्याचा वेग हवा त्याने ती बसविली. शक्ती वाढली, वजन घटले, म्हणजे सोन्याहून पिवळे, असे कुणालाही वाटेल. पण नाकावरचे वजन घटताच भाराचा बिंदू मागे सरकला. मग कुणी इंजिनाचा सांगाडा लांबवून ते पुढे नेले, तर कुणी पंखाला धरणारे खांब मागे कलवून सगळा पंखच तीन-चार इंच मागे घेतला. पिटेनपोलने स्वतः १९६० नंतरच्या दशकात कॉर्व्हेअर मोटारीचे इंजिन वापरले तेव्हा विमानाच्या अंगाचीही लांबी वाढविली. एका टोकाचा एक बदल दुसऱ्या टोकाला दुसरा बदल मागतो. जो पहिला करून दुसरा विसरतो, त्याचे विमान पहिल्या दिवशी उडतेही, म्हणून तर तो फसतो.

आता जी कथा सांगावयाची ती दुःखाची आहे. आंरी मिन्ये हा फ्रेंच गृहस्थ मूळचा रेडिओचा तंत्रज्ञ. चालू पद्धतीची विमाने त्याला नीट चालविता येईनात. तेव्हा त्याने ठरविले की दोष माझा नाही, विमानाचा आहे. दोन पंख एकापाठी एक ठेवून, पायाने चालविण्याचे सुकाणू काढून टाकून, एकाच दांडीने सारे चालविता येईल असे ‘पू-द्यू-सिएल’, म्हणजे आभाळातली ऊ, त्याने १९३३ साली बांधले. १९३४ साली त्याचे पुस्तक निघाले आणि फ्रान्स व इंग्लंड या दोन्ही देशांत नुसता धुमाकूळ झाला. खाटीक, शाळामास्तर, गिरणीतले फिटर घराघरांत ही ऊ बांधू लागले. १९३५ साली त्याने आपले विमान इंग्लिश खाडीवरून नेले. सतरा-अठरा अश्वशक्तीच्या इंजिनावर गरिबाला आभाळ मिळाले, असे सगळ्यांना वाटले.

आणि मग माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून सूर मारी. चालविणारा दांडी ओढी, तो ते वर येण्याऐवजी अधिकच खाली जाई. १९३६ साली इंग्लंडात फार्नबरो येथे आणि फ्रान्समध्ये शाले-म्यूदाँ येथे ते यंत्र मोठ्या वायुबोगद्यात ठेवून तपासले, तेव्हा कारण उलगडले. पुढचा पंख कलता झाला की त्याच्या आणि मागच्या पंखाच्या मधल्या फटीतून हवा जोराने वाही आणि मागचा पंखच अधिक उचलला जाई. नाक ठराविक कोनाच्या खाली गेले की ते परत येणे शक्यच नव्हते. ज्यांनी आपल्या सोयीसाठी पंखांतले अंतर, इंजिनाचे वजन, बसण्याची जागा इंच-दोन इंच बदलली होती, ते त्या कड्याच्या अधिक जवळ गेले होते, पण कडा मूळ नकाशातच होता. दोन्ही देशांत त्या विमानाच्या उड्डाणांवर बंदी आली. मिन्येने नंतर रचना सुधारली आणि तो जन्मभर विमाने बांधीत राहिला. त्याला लबाड म्हणता येत नाही. परंतु ज्या शेकडो लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, त्यांच्यापाशी तो बोगदा नव्हता. बोगदा सरकारपाशी होता, आणि सरकारने तो प्रेते मोजल्यानंतर उघडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या हौशी लोकांनी जे केले, ते मला आमच्या संघटनेच्या कामाशी जुळणारे दिसते. जानेवारी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी याने ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था सुरू केली. घरी बांधलेल्या विमानांसाठी तेथील सरकारने वेगळा वर्ग मान्य केला होता. अट अशी की विमानाचे निम्म्याहून अधिक काम बांधणाराने स्वतः, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी केलेले असावे, आणि पहिली पंचवीस किंवा चाळीस तासांची उड्डाणे वस्तीपासून दूर, ठरवून दिलेल्या टापूतच करावीत. संस्थेने याला एक जोड दिली. जाणते सभासद दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याचे अर्धवट विमान विनामूल्य पाहून देऊ लागले. पंखावर कापड किंवा पत्रा चढण्यापूर्वी आतला सांधा दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेला असावा, ही ती रीत. सभासदाला वाटेल ते बांधण्याची मुभा होतीच. मुभा आणि देखरेख एकमेकींच्या वैरिणी आहेत असे आपल्याकडचे पुष्कळ मालक आणि पुष्कळ कामगारही समजतात. त्या लोकांनी तसे समजले नाही.

या मुभेतून काय काय निपजले ते पाहा. ओरेगॉनचा रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन याने ‘स्टिट्स प्लेबॉय’ नावाचे एक साधे, काठीकापडाच्या पंखाचे विमान घेतले. त्याला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या होत्या : घरच्या शेतातल्या आखूड पट्टीवर उतरता आले पाहिजे, आणि प्रवासात वेगही मिळाला पाहिजे. आधी त्याने मोठे इंजिन बसविले. वेग आला, पण उतरण्याचे जमेना. तेव्हा जुना पंख टाकून आधाराच्या काठ्यांशिवायचा अॅल्युमिनियमचा नवा पंख त्याने बांधला आणि त्याला उतरताना खाली झुकणारे फडके जोडले. हे १९६५ साल. त्यातून पुढे त्याची ‘आरव्ही’ विमानांची मालिका झाली. १९७१ चे आरव्ही-३ एका माणसाचे. त्यावर गिऱ्हाईक म्हणाले, बायकोला कुठे बसवू? मग एकापाठी एक बसावयाचे आरव्ही-४, शेजारी शेजारी बसावयाचे आरव्ही-६. ज्यांना कसरती नको होत्या, कमी शक्तीच्या इंजिनावर स्वस्तात लांब जावयाचे होते, त्यांच्यासाठी लांब पंखाचे आरव्ही-९. चौघांच्या कुटुंबासाठी आरव्ही-१०. सुटे भाग पेटीतून येतात आणि घरचा माणूस ते रिव्हेटांनी जोडतो. अशी दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. मला यातली शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते की एकाच विमानाला सर्वांच्या मागण्या पुरवावयास त्याने लावले नाही. मागणी बदलली, की त्याने हिशेब पहिल्यापासून मांडला.

ज्याला इतके नको, त्याच्यासाठी बदलाची एक अगदी स्वस्त जागा आहे, ती म्हणजे पुढचा पंखा. त्याच्या पात्यांचा पीळ कमी ठेवला तर विमान लवकर उठते व जोमाने चढते, पण सपाट प्रवासात इंजिन उगीच किंचाळते. पीळ वाढविला तर प्रवास वेगाचा होतो आणि उठताना धावपट्टी संपत आली तरी चाके जमीन सोडीत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये आणि चौथ्या गिअरमध्ये एस.टी. घाटात काय करते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

मोहावीच्या वाळवंटात काम करणारा बर्ट रुटान हा याहून वेगळ्या स्वभावाचा. त्याने काचतंतू आणि फेस यांची विमाने काढली. लहान पंख पुढे, मोठा मागे, इंजिन पाठीशी. १९७५ चे ‘व्हेरीईझी’ अतिशय वेगवान आणि काटकसरी होते. पण त्याची काटकसर अशी की इंजिनाला चालू करणारी मोटरही नाही, पंखा हाताने फिरवावयाचा. कारण इंजिन मागे असल्यामुळे तिथला प्रत्येक जास्तीचा किलो तोल बिघडवी. बांधणारांनी सोयीसाठी तेथे मोटर, जनरेटर बसविले आणि मग नाकात शिसे भरीत बसले. रुटान आपल्या बातमीपत्रातून अशा बदलांविरुद्ध वरचेवर बजावीत असे. लोकांचे इंजिन मोठे आणि पल्ला लांब हवा, हे ओळखून त्याने १९७९ साली ‘लाँग-ईझी’ हे नवेच विमान काढले. हेतू एकच ठेवला तर कुठवर जाता येते ते त्याने १९८६ साली दाखविले. ‘व्हॉयेजर’ हे विमान पृथ्वीला न थांबता, वाटेत इंधन न घेता फेरी घालण्यासाठी आणि फक्त तेवढ्यासाठीच बांधले होते. पंखांचा पसारा ११० फूट. उठताना एकूण वजनाचा जवळजवळ पाऊण हिस्सा नुसते इंधन. त्या भाराने पंखांची टोके धावपट्टीवर घासत गेली आणि झिजली. डिक रुटान आणि जीना येगर ही दोघे १४ डिसेंबरला निघून नऊ दिवसांनी परत आली. असे विमान दुसऱ्या कोणत्याही कामाचे नसते. ते आता संग्रहालयात टांगलेले आहे.

लाँग-ईझीचीच एक दुसरी हकीकत मुद्दाम सांगतो. मूळ नकाशात इंधनाच्या टाक्या बदलण्याची चावी चालकाच्या पायांमध्ये, हाताशी होती. टेक्सासमधल्या एका बांधणाराला इंधनाची नळी बसण्याच्या जागेत नको वाटली. आग लागू नये ही त्याची इच्छा, हेतू उत्तम. त्याने चावी चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली. त्याला स्वतःला ती सवयीची होती. विमान पुढे विकले गेले, आणि प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर याने ते घेतले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी माँटेरेच्या उपसागरावर एक टाकी संपत आली. मागे वळून चावी फिरवावयाची म्हणजे अंग पिळावे लागे, आणि अंग पिळताना पाय सुकाणूवर पडे. विमान समुद्रात पडले, डेन्व्हर मेला. चौकशी मंडळाने चावीची बदललेली जागा आणि तिच्यावर खुणा नसणे यांना कारणांत गणले. बदल करणारा मेला नाही. बदल ज्याच्या वाट्याला आला तो मेला.

हे वाचले तेव्हा मला आमच्या जिल्ह्यातल्या एका जिनाची आठवण झाली. रेचा अडकला की कापूस लवकर मोकळा करता यावा, म्हणून रोलरसमोरची जाळी काढून ठेवण्याची तेथे पद्धत पडली होती. ज्या जुन्या फिटरने ती काढली, त्याला हात कुठे घालावयाचा ते ठाऊक होते. हंगामी म्हणून आलेल्या पोराला ते कुणी सांगितले नव्हते, आणि त्याची तीन बोटे गेली. भरपाईच्या भांडणात आम्ही दोन वर्षे घालविली. यंत्रातला बदल हा करणाऱ्याच्या डोक्यात राहतो आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात जाते. म्हणून तो कागदावर आणि यंत्रावर लिहिला गेला पाहिजे, एवढी एक मागणी तेव्हापासून मी प्रत्येक करारात घालीत आलो आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या उड्डाणाचा खात्रीचा, त्या वेळचा पुरावा मिळत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ही कथा जोडतात, तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखविले, आणि त्यातली यंत्रे उडू शकणार नाहीत हेही हिशेबाने मांडले. तळपदे यांची जिज्ञासा खरी असेल, तिचा मान ठेवावा. पण न झालेल्या उड्डाणाचा गर्व वाहताना झालेल्या कामाकडे आपली पाठ फिरते, याचे मला वाईट वाटते. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? जर्मनीत ग्यटिंगेन येथे प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या देखरेखीखाली १९५१ साली एच.टी.-२ हे भारतीय रचनेचे शिकाऊ विमान उडाले. त्याच कारखान्यात १९५८ साली ‘पुष्पक’ उडाले : दोन माणसांचे, ९० अश्वशक्तीचे, फ्लाइंग क्लबांतल्या विद्यार्थ्यांसाठी. पुढच्याच वर्षी त्याच घराण्यातले, पण अधिक मोठे व दुपटीहून जास्त शक्तीचे ‘कृषक’ आले. शेतीच्या नावाने जन्मलेले ते विमान शेवटी सैन्याच्या टेहळणीला गेले. हे कारखान्याचे काम होते, घरचे नव्हे. तरीही हेतू बदलला की यंत्र कसे बदलते, याचा आपल्या घरचा दाखला हाच आहे.

घरी विमान बांधण्याचे काम महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांनी केले. ते व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीला चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान उभारले. पहिले प्रयत्न फसले होते, त्यांत वर्षे आणि पैसा गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान गच्चीवरून उतरवून मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले तेव्हा लोकांनी गर्दी केली. सरकारी नोंदणी मिळावयास नोव्हेंबर २०१७ उजाडले, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीची उड्डाणे झाली ती २०२० साली. एकट्यापुरते उडणे हा त्यांचा हेतू नव्हताच. लहान गावांना जोडणारे प्रवासी विमान त्यांना हवे होते. म्हणून सहा आसने, म्हणून मोठे वजन, म्हणून अधिक शक्ती, आणि म्हणून अधिक परवाने. त्यांचा कालावधी लांबला याचे एक कारण सरकारी दिरंगाई हे खरेच. दुसरे त्यांच्या हेतूच्या आकारातच होते.

आणि शेवटी आपला जिल्हा. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा तो तरुण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्याचे नाव येथे घेत नाही. त्याच्या घरच्यांना आणखी एका सभेत ते गाजविले जावे असे वाटत असेल, असे मला वाटत नाही. वय चोवीस. शाळा आठवीनंतर सुटलेली. घरच्या वेल्डिंगच्या दुकानात कपाटे आणि कूलर बनविणे हे त्याचे काम. चित्रफिती पाहून पाहून दोन वर्षे खपून त्याने एका माणसाचे हेलिकॉप्टर उभे केले. इंजिन मारुती ८०० मोटारीचे. चेरी ग्रोव्हच्या पिटेनपोलने फोर्डचे घेतले होते, याने मारुतीचे घेतले. दोघांचे कारण एकच, जे परवडते ते. १५ ऑगस्ट जवळ आला होता. २०२१ च्या ऑगस्टात, त्याच्या चार-पाच दिवस आधी, रात्री त्याने ते जमिनीवरच चालवून पाहिले. शेपटाचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, आणि फिरत्या पात्याचा मार आत बसलेल्या त्याला लागला.

हेलिकॉप्टर हे विमानाहून कितीतरी कठीण, कारण त्याचा पंखच फिरता असतो. मुख्य पंखा एका बाजूस फिरला की अंग उलट्या बाजूस फिरू पाहते, त्याला आवरण्यासाठी शेपटाचा पंखा. हिशेब मांडून पाहा. मिनिटाला ७५० फेरे घेणाऱ्या पात्यावर, मध्यापासून एक मीटरवर असलेला एक किलोचा तुकडा सहाशे किलोहून अधिक ओढीने बाहेर पळू पाहतो. फेरे दुप्पट झाले तर ओढ चौपट. वेल्डचा टाका कपाटाला पुरेल असा असतो आणि येथे पुरत नाही, तो वेल्डरच्या हातात कमी कौशल्य आहे म्हणून नव्हे. दर फेऱ्याला उलटसुलट वाकून धातू थकतो, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या टाक्याशेजारी तडा सुरू होतो. म्हणून कारखान्यांत असा पंखा पहिल्यांदा फिरवितात तेव्हा जवळ माणूस नसतो. पंखा वेगळ्या मनोऱ्यावर, भोवती भिंत, चालविणारा भिंतीआड. चित्रफितीत ती भिंत दिसत नाही. उडालेले यंत्र दिसते.

बातमी आली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला सिनेमातल्या नायकाची उपमा दिली, काहींनी त्याच्या अडाणीपणावर बोट ठेवले. आठवी शिकलेल्याने हे करू नये, असे एक शिकलेले गृहस्थ माझ्याशी बोलताना म्हणाले. पिटेनपोल कुठल्या महाविद्यालयात गेला होता, आणि चार्ली टेलर? फरक शिक्षणाचा नाही. पिटेनपोलपाशी विमान उडविणारे शेजारी होते, नकाशे छापणारे मासिक होते, आणि पुढच्या पिढीला मिलवॉकीची ती संस्था मिळाली. यवतमाळला धावपट्टी आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यंत्रविद्येत ज्यांचे आयुष्य गेले अशी माणसे या सभागृहातही बसलेली आहेत. फुलसावंगीहून यवतमाळला दर दिवशी एस.टी. येते. तो दोन वर्षे ते यंत्र जोडीत होता, गावाला ते माहीत होते, येणारेजाणारे थांबून पाहत होते. शेपटाचा तो सांधा सुटा करून, पिशवीत घालून, कुणा जाणत्याच्या टेबलावर ठेवावयास त्याला जागा नव्हती. अशी जागा करावयास काय लागते, त्याचा मी विचारणा करून अंदाज काढला आहे : महिन्यातून एक रविवार, प्रशिक्षण संस्थेची एक खोली, तडे दाखविणाऱ्या रंगाच्या दोन बाटल्या, आणि आलेल्याला हसणार नाहीत असे तीन निवृत्त फिटर. त्यांपैकी दोन फिटर कबूल झाले आहेत.